कुंडीखालच्या ताटल्यांपासून बनवलेलं थर्मामीटरचं घर: तिन्ही ऋतू वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. बाहेरच्या हवेचं तापमान खरंखुरं कळायला हवं असेल तर थर्मामीटर साधा घेतला तरी चालतो पण तो ज्याच्यात बसवायचा ते घर नीट पाहिजे, आणि ते घर कुंडीखाली ठेवायच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या ताटल्यांपासून घरच्या घरी बनतं, चांगलं बनतं, माझ्याकडून त्याला पाचपैकी चार. पाचवा मार्क का नाही दिला ते पुढे येतंच.

आम्ही निफाड तालुक्यातले, द्राक्षवाले. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे सकाळी भेटलेला माणूस राम राम झाल्यावर पहिलं हेच विचारतो, आज किती होतं? पेपरात निफाडचा जो आकडा येतो तो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला, आणि तो तिथल्यापुरता बरोबर असतो. पण कादवा नदीच्या बाजूला खोलगट रान आहे तिथे रात्री थंड हवा उतरून साचते, आणि वर माळावरच्या प्लॉटला त्याच रात्री दोन-तीन डिग्री जास्त असतात, हे आमच्या इथल्या कुठल्याही शेतकऱ्याला अंगावरच्या स्वेटरवरून कळतं. मोबाईलच्या अ‍ॅपवर दिसतो तो आकडा तर तुमच्या शेतात कोणी मोजलेला नसतोच, मॉडेलने त्या सगळ्या भागासाठी काढलेला अंदाज असतो. पहाटे तीनला उठून बागेत शेकोट्या पेटवायच्या का, मोटर चालू करून पाणी सोडायचं का, हे अंदाजावर ठरवायचं म्हणजे माणसं उगाच जागवायची किंवा नेमकी पाहिजे त्या रात्री झोपून राहायचं. थंडी लांबली की मण्यांची फुगवण थांबते, दिवस-रात्रीच्या तापमानात फरक वाढला की पिंक बेरीची, म्हणजे मणी गुलाबी पडायची, धास्ती. म्हणून स्वतःच्या रानातला स्वतःचा आकडा पाहिजे.

आता थर्मामीटर तर घरोघरी असतो, कंपन्यांच्या कॅलेंडरसोबत येतो, फवारणीच्या औषधांच्या दुकानात भेट मिळतो, आणि तो ओट्याच्या भिंतीवर नाहीतर पत्र्याच्या शेडच्या खांबाला लटकत असतो. तिथे तो एप्रिलमध्ये ४७-४८ दाखवतो आणि लोक फोटो काढून ग्रुपवर टाकतात. भिंत गरम, पत्रा गरम, त्यांच्याजवळ लटकलेला थर्मामीटर गरम, मग आकडा हवेचा कसा येणार? मुळात समजून घ्यायची गोष्ट ही की थर्मामीटर नेहमी स्वतःचंच तापमान दाखवतो. त्याचं स्वतःचं तापमान आणि भोवतालच्या हवेचं तापमान एकच होईल अशी व्यवस्था करणं एवढंच त्या घराचं काम. ऊन थेट लागायला नको, जमिनीवरून परावर्तित होऊन खालून लागायला नको, पावसाने ओलं व्हायला नको, आणि तरीही वारा आरपार खेळता राहायला पाहिजे. ऐकायला सोपं आहे पण यातल्या पहिल्या तीन गोष्टी घर बंद करायला सांगतात आणि चौथी उघडं ठेवायला सांगते, सगळी कसरत तिथेच आहे.

ही कसरत स्कॉटलंडच्या थॉमस स्टीव्हन्सन नावाच्या इंजिनिअरने सोडवली, मूळचा दीपगृहं बांधणारा माणूस, १८६४ साली त्याने दुहेरी झडपांची, म्हणजे चारही बाजूंना तिरक्या पट्ट्यांचे दोन थर असलेली, पांढरी लाकडी पेटी सुचवली आणि आजही वेधशाळेत गेलात तर तीच चार पायांवर उभी दिसेल. तिचं दार आपल्याकडे उत्तरेला असतं म्हणजे उघडून आकडा वाचताना ऊन आत पडत नाही. आतले थर्मामीटर जमिनीपासून साधारण चार फुटांवर. हवामान खातं १८७५ चं, म्हणजे या पेटीपेक्षा फक्त अकरा वर्षांनी लहान. पुण्याच्या शिवाजीनगरला सिमला ऑफिसमध्ये १९२८ पासून खात्याचा कारभार आहे. उष्णतेची लाट जाहीर करायची तर मैदानी भागात पारा किमान ४० ला जावा आणि सरासरीपेक्षा साडेचार डिग्री वर असावा असे जे नियम आहेत, ते सगळे अशा सावलीतल्या, वारा लागणाऱ्या, चार फुटांवरच्या आकड्यावर उभे आहेत. ओट्यावरच्या ४८ शी त्यांची तुलना करणं म्हणजे सोन्याचा काटा आणि भंगारवाल्याचा काटा एकत्र धरणं.

आणि घर नीट असलं तरी आतलं यंत्र तपासावंच लागतं, हे मे २०२४ ला सगळ्या देशाने बघितलं. दिल्लीत मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने ५२.९ दाखवले, दिवसभर टीव्हीवर तेच, राजस्थानातल्या फलोदीचा २०१६ चा ५१ चा विक्रम मोडला म्हणून. नंतर खात्याने दुसरं यंत्र नेऊन पडताळलं तर तो सेन्सर ३ डिग्री जास्त दाखवत होता. खात्याने हे जाहीरपणे सांगितलं हे मला फार आवडलं, आकड्याची इज्जत अशीच राहते.

तर घरासाठी पर्याय तीन. पहिला, सुताराकडून लाकडी पेटी. दिसायला देखणी, वेधशाळेसारखी, पण दुहेरी झडपा नीट बनवणारा मिस्त्री मिळणं अवघड झालंय. आमच्या ओळखीच्या एकाने बनवून घेतली त्यात झडपा एकेरी, वरचं छपरही एकेरी, आणि दोन झडपांमधली फट इतकी बारीक की आत वारा जातच नव्हता, त्या पेटीत दुपारी हात घातला की आतली कोंदट हवा लगेच कळायची. सागवान परवडत नाही, हलकं लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि दार अडकतं, रंग दर एक-दोन वर्षांनी द्यावा लागतो नाहीतर पांढऱ्याचा पिवळा होतो आणि पिवळा रंग ऊन जास्त पितो. शिवाय लाकडी पेटी मोठी असल्याने तिला तापायला आणि निवायला वेळ लागतो, आतला आकडा बाहेरच्या हवेच्या थोडा मागून चालतो. ज्यांना पारंपरिक काचेचे थर्मामीटर ठेवायचेत, कमाल-किमान, कोरडा-ओला असे चारही, त्यांना पेटीच लागेल, त्याला इलाज नाही.

दुसरा पर्याय तयार विकत मिळणारा प्लास्टिकचा, एकावर एक बशा रचल्यासारखा दिसतो, हवामान केंद्रांच्या पोलवर तुम्ही बघितला असेल. चांगला असतो, पण ज्याचं प्लास्टिक खरंच उन्हात टिकणारं आहे तो महाग पडतो आणि ऑनलाइन स्वस्तात जे मिळतात त्यांच्या बशा इतक्या पातळ की उजेड आरपार.

तिसरा म्हणजे तोच बशांचा घाट घरी बनवणं, आणि आता त्याचंच सांगतो सविस्तर.

ताटल्या आठ इंची घ्यायच्या. नर्सरीत मिळतात, प्लास्टिकच्या भांड्यांच्या दुकानात मिळतात, पण ढीग असतो विटकरी आणि काळ्यांचा, पांढऱ्या मागून घ्याव्या लागतात. दुकानाबाहेर येऊन ताटली उन्हासमोर धरा आणि मागून बोटं लावा, बोटांची सावली दिसली तर ती ताटली परत ठेवा. हे दुकानदाराला विचित्र वाटलं तरी करा, सगळा खेळ तिथे ठरतो. मला जाड मिळाल्या त्या एका नर्सरीवाल्याकडच्या, त्याच्याकडे जुना माल होता, कडा जाड आणि तळाशी गोल रेघा असलेल्या. आठ लागतात. सगळ्या उपड्या रचायच्या. सगळ्यात वरच्या दोन अखंड, म्हणजे छप्पर दुहेरी झालं, वरची तापली तरी तिच्या आणि खालच्या ताटलीच्या मधून वारा जातो आणि ती गरमी आत उतरत नाही, स्टीव्हन्सनच्या पेटीलाही छप्पर दुहेरीच असतं. मधल्या पाच ताटल्यांना मध्यभागी तीन इंचाचं भोक, त्या पोकळीत सेन्सर लटकतो. सगळ्यात खालची परत अखंड, तापलेल्या मातीची गरमी आणि जमिनीवरून उसळणारं ऊन अडवायला. लोक हीच खालची ताटली विसरतात, वरून सावली केली म्हणजे झालं असं वाटतं, आणि मग काळ्या रानात दुपारी आकडा चढलेला राहतो.

मधलं भोक पाडायला होल सॉ, म्हणजे ड्रिलला लावायची गोल करवत, लागतो, तो सुताराकडे किंवा प्लंबरकडे असतो, अर्ध्या तासाचं काम आहे, चहा पाजला की करून देतात. गरम सुरीने कापू नका, कडा वितळून वाकड्या होतात आणि वासाने डोकं धरतं. रॉडसाठी तीन भोकं पाडताना आठही ताटल्या एकात एक घालून चिकटपट्टीने आवळा आणि एकदमच ड्रिल मारा, वेगवेगळी पाडली तर रॉड तिरके बसतात. हार्डवेअरमध्ये जाऊन आट्यांचा रॉड मागायचा, सहा एमएमचा पुरतो, गंजणारा घेऊ नका, स्टीलचा घ्या, फरक फार नाही. दोन ताटल्यांमध्ये अंतर ठेवायला वायरिंगच्या पीव्हीसी पाइपचे पाऊण इंचाचे तुकडे, दोन्ही बाजूंना वायसर, शेवटी नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, साधा नट वाऱ्याने हलून सुटतो. अंतर किती ठेवायचं याची खूण एकच, घर डोळ्याच्या उंचीला धरून आडवं बघा, वरच्या ताटलीची कड खालच्या ताटलीच्या पाठीच्या जरा खाली उतरलेली पाहिजे म्हणजे आतला सेन्सर कुठूनच दिसत नाही पण फुंकर मारली की पलीकडे हाताला लागते. ही फुंकरीची परीक्षा पास झाली की घर झालं.

खर्च म्हणाल तर सेन्सर सोडून हजाराच्या बराच आत, त्यातला निम्मा ताटल्यांचा.

रंगाबद्दल भरपूर वाद ऐकलेत. माझं मत, जाड पांढरी ताटली असेल तर रंग देऊच नका, प्लास्टिकला प्रायमरशिवाय रंग धरत नाही आणि पहिल्या उन्हाळ्यात पापुद्रे निघतात. विटकरीच मिळाल्या तर प्लास्टिकचा प्रायमर आणि वर पांढरा स्प्रे. आणि चकचकीत पाहिजे म्हणून अ‍ॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, फॉइल ऊन परत पाठवते हे खरं पण जी थोडी उष्णता घेते ती सोडतही नाही पटकन, पांढरा रंग घेतलेली उष्णता बाहेर टाकत राहतो, म्हणून पांढराच चांगला. थर्माकोलचा डबा तर अजिबात नको, त्यात वारा कोंडतो.

सेन्सर मी डीएस१८बी२० वापरतो, स्टीलच्या नळीतला वॉटरप्रूफ, वायरीसकट मिळतो. कंपनी अर्ध्या डिग्रीपर्यंत चूक धरून चाला म्हणते. आर्द्रता पण पाहिजे असेल तर एसएचटी३१ जास्त चांगला. पण कुठलाही घेतला तरी बर्फाची परीक्षा घ्या, म्हणजे वॉटरप्रूफ असेल तर. थर्मासमध्ये बारीक कुटलेला बर्फ, त्यात बर्फ भिजेल एवढंच थंड पाणी, ढवळायचं, सेन्सर मध्यभागी धरायचा, भिंतीला टेकवायचा नाही, दहा-पंधरा मिनिटांनी शून्य यायला पाहिजे. जेवढा फरक येईल तो वहीत लिहून ठेवा आणि कायम वजा करा. सेन्सरचं सर्किट आणि बॅटरीचा डबा ताटल्यांच्या घरात कोंबू नका, ते स्वतः गरम होतात, डबा खाली सावलीत ठेवा. वायर खालून बाहेर काढताना तिला एक लोंबता वळसा द्या म्हणजे पावसाचं पाणी वळशाच्या तळाला गळून जातं, वर सेन्सरकडे जात नाही.

जागा. हे सगळं करून घर गच्चीवर टाकीशेजारी लावलं तर केलेलं सगळं पाण्यात, स्लॅब रात्री नऊपर्यंत गरमी सोडत असतो. मोकळी जागा, खाली शक्यतो गवत, भिंतीपासून आणि झाडापासून जेवढी उंची त्याच्या दुपटीने तरी लांब, जीआय पाइप रोवून त्यावर चार फुटांवर. द्राक्षवाल्यांनी एक ठरवून घ्या, तुम्हाला कुंदेवाडीशी तुलना करायची की बागेतली हवा कळायला हवी. तुलनेसाठी मोकळं रान, बागेसाठी ओळींच्या मध्ये मांडवाखाली. मी मोकळ्यात लावलंय आणि एक साधा सेन्सर बागेत ठेवलाय, दोघांतला फरक बघणं हेच मोठं शिक्षण आहे. आणि हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री चार फुटांवर ४ दिसले म्हणून गाफील राहू नका, जमिनीलगत त्याहून कमी असतं, गवतावरचे दवबिंदू गोठलेले असतात आणि थर्मामीटर शून्याच्या चांगला वर असतो, दोन्ही खरं असतं.

आता कामगिरी. पडताळायला मी जुनी पद्धत वापरली, सावलीत उभं राहून काचेचा थर्मामीटर मजबूत दोरीला बांधून गरगर फिरवायचा आणि थांबल्या थांबल्या वाचायचा. फिरवल्याने त्याच्यावरून इतकी हवा जाते की तो हवेच्याच तापमानाला येतो. वारा असताना ताटल्यांच्या घरातला आकडा आणि हा आकडा हातात हात घालून चालतात, दशांशांचाच फरक. भिंतीवरचा थर्मामीटर त्याच वेळी कितीतरी वर. हा फरक पहिल्यांदा वहीत शेजारी शेजारी लिहिला तेव्हा आमच्या आबांनी ओट्यावरचा थर्मामीटर स्वतः काढून कपाटात ठेवला.

कमी पडतं ते एप्रिल-मेच्या बिनवाऱ्याच्या दुपारी. पान हलत नाही अशा वेळी ताटल्याच तापतात आणि आतला आकडा खऱ्यापेक्षा एक-दीड डिग्री वर जातो. हा दोष माझ्या घराचा एकट्याचा नाही, बिनपंख्याच्या प्रत्येक घराचा आहे, विकतच्यातही आहे, पण आहे म्हणून तो पाचवा मार्क कापला. उपाय म्हणजे पंखा, जुन्या कॉम्प्युटरचा छोटा पंखा आणि छोटं सोलर पॅनल, ऊन असेल तेव्हाच पंखा लागतो आणि ऊन असेल तेव्हाच पॅनल वीज देतं, हिशेब बरोबर जुळतो. फक्त पंखा सेन्सरच्या वर बसवायचा आणि हवा खालून वर ओढायची, उलट बसवला तर मोटरची गरमी थेट सेन्सरवर येते. पंख्यासाठी खालच्या अखंड ताटलीलाही मध्ये भोक द्यावं लागतं आणि त्याच्याखाली एक जास्तीची ताटली अंतर ठेवून लावावी लागते. पाऊस-धुळीत पंखा दोन-चार वर्षांनी बदलावा लागेल हे धरूनच चाला. मला थंडीच्या आकड्याशी जास्त काम म्हणून मी पंख्याशिवायच चालवतो, विदर्भात कोणी बनवत असेल तर मी पंख्यासकटच बनवा म्हणेन.

पावसाळ्यात घर पास. जूनच्या सुरुवातीच्या वादळी पावसात आडवे थेंब आत शिरतात, सेन्सर ओला होतो आणि सुकेपर्यंत आकडा खऱ्यापेक्षा खाली राहतो, थोडा वेळच. अवकाळीच्या गारांनी वरच्या ताटलीला एक तडा गेला, तीन नट सोडून ताटली बदलली, विकतच्या घराला असा एक पार्ट कोण देतंय?

हिवाळ्यात घर एकदम उत्तम. निरभ्र रात्री वरच्या ताटल्या आकाशाकडे उष्णता टाकून हवेपेक्षा किंचित थंड होतात, त्यामुळे किमान आकडा थोडासा कमी येऊ शकतो, पण दुहेरी छपराने ते फार होत नाही. पहाटेचा आकडा बघून शेकोट्यांचा निर्णय घेताना आता मला शंका येत नाही.

खरी डोकेदुखी हवामानाची नाही, कुंभारीण माशीची. दोन ताटल्यांमधली फट तिला इतकी आवडते की पंधरवड्यात चिखलाचं घरटं बांधून एक बाजू बंद करते, बंद झाली की वारा अडतो आणि आकडा दुपारी हळूहळू चढायला लागतो. कोळी जाळी करतात, पाल येऊन सेन्सरच्या नळीला चिकटून बसते. बारीक जाळी लावली तर धुळीने बुजते आणि वारा अडतो, म्हणून जाळी लावायची तर मोठ्या भोकांची, नाहीतर महिन्याला एकदा बॅटरी मारून फटीत बघायचं आणि जुन्या टूथब्रशने साफ करायचं. फवारणी करताना घरावर औषध उडालं तर पांढऱ्यावर निळसर-हिरवट डाग बसतात, बोर्डोचे, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाचे, तर हट्टी, तेव्हा ब्लोअर जवळून जाणार असेल तर आधी गोणपाट टाका आणि काम झालं की आठवणीने काढा, गोणपाट राहिला तर त्या दिवसाचा आकडा फेकून द्यायचा.

प्लास्टिक किती वर्षं जाईल ते ताटलीवर आहे. वरच्या ताटलीवर बोट फिरवून बघत राहा, खडूसारखी पांढरी भुकटी बोटाला लागली की ती बदलायची वेळ झाली, खालच्यांना सावली असते त्या जास्त टिकतात. मी आठाऐवजी दहा आणून ठेवल्या होत्या ते बरं झालं, तोच रंग-तोच साचा नंतर मिळेलच असं नाही.

कोणी काय घ्यावं? शाळेत मुलांना दाखवायचंय, दार उघडून चार थर्मामीटर वाचायला शिकवायचंय, तर लाकडी पेटी, पण झडपा दुहेरी आहेत का ते मिस्त्रीला ठणकावून विचारा. कंपनीचं स्वयंचलित केंद्र बसवताय तर त्यांच्याच घरासकट घ्या आणि बसवणारा माणूस ते शेडच्या पत्र्याशेजारी लावत असेल तर तिथेच थांबवा. आणि स्वतःच्या रानातला, स्वतःच्या गावातला आकडा रोज लिहायचाय त्यांनी ताटल्यांचं बनवा. लिहायची वेळ हवामान खात्याचीच ठेवा, किमान सकाळी साडेआठला आणि कमाल संध्याकाळी साडेपाचला, म्हणजे तुमची वही आणि त्यांचा आकडा शेजारी ठेवून बघता येईल. ऑक्टोबर छाटणीच्या आधी लावून टाका, पोंगा, म्हणजे नवी फूट, निघायच्या वेळेपर्यंत तुमच्या प्लॉटचा कुंदेवाडीशी किती फरक पडतो ते हातात असेल. आमच्या भागातल्या कोणाला भोकं पाडायला होल सॉ पाहिजे असेल तर माझ्याकडे आहे, घेऊन जा आणि परत आणून द्या.